ओडिलचं ऑर्नवेल

माझी मोठी बहीण मार्लेन झोपेतसुद्धा कान उघडे ठेवून असते. वरच्या मजल्यावर काही पडलं की पुढच्या क्षणाला ती जिन्यात. मग ते पुस्तक असो, नाहीतर मांजरानं पाडलेली फुलदाणी. तिच्या मुलीला, ओडिलला, अकराव्या वर्षी पहिली फिट आली तेव्हापासून हे असं आहे.

सप्टेंबरात आमच्याकडे बटाटे काढायला शाळा बंद ठेवतात आणि पोरं शेतांवर जातात. ओडिल त्या दिवशी यंत्राच्या फळीवर उभी राहून पट्ट्यावरून येणाऱ्या बटाट्यांतले दगड वेचत होती. शेजारच्या बाईला वाटलं, पोरगी हात झाडून मस्करी करतेय. मग ती खाली कोसळली. यंत्र थांबवेपर्यंत मधे जो वेळ गेला तो मार्लेनच्या अंगातून अजून गेलेला नाही.

औषधं लागू पडली, पण पुरती नाहीत. वर्षातून दोनदा-तीनदा यायचीच, आणि येताना सांगून यायची नाही.

आमचं गाव मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, नदीच्या काठी. पलीकडचा काठ कॅनडाचा. गावात आडनावं मोजकीच, त्यामुळे प्रत्येकजण प्रत्येकाचा काहीतरी लागतो. माझं केस कापायचं दुकान आहे, तेव्हा बातमी इकडून तिकडे कशी जाते हे मला कुणी शिकवायला नको. ओडिल एकदा रविवारी चर्चमध्ये, सगळे उभे राहून गात असताना पडली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मार्लेनच्या स्वयंपाकघरात मांस भरून भाजलेल्या 'मीट पाय'च्या थाळ्यांचा ढीग लागला होता. प्रत्येक बाई थाळी ठेवायची, आवाज खाली आणून विचारायची, "कशी आहे गं ती?" आणि ती तिथंच, समोर खुर्चीत बसलेली असायची.

"मावशी," ओडिल मला एकदा म्हणाली. मी तिचे केस कापत होते, दुकानात आणखी कुणी नव्हतं. "डोळे उघडले ना, की वर सगळे चेहरे असतात. वाकलेले. मी विहिरीत पडलेय आणि गाव काठावरून बघतंय, असं वाटतं."

"काळजी असते गं लोकांना."

"माहीत आहे. म्हणून तर ओरडताही येत नाही."

त्यांच्या न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती. रेनाल्डनं, म्हणजे ओडिलच्या बापानं, ती काढून टाकली होती. आंघोळ करताना ओडिलनं तोंडानं काहीतरी चालू ठेवायचं असा घरचा नियम होता. आवाज थांबला की मार्लेन दारावर थाप मारणार. लहान असताना ती गाणी म्हणायची. अठरा वर्षांची झाली तरी नियम तोच. एकदा मी त्यांच्याकडे प्लोय, म्हणजे आमच्याकडची धिरडी, खायला गेले होते, तर वरून पोरीचा रागीट आवाज येत होता. शाम्पूच्या बाटलीवर लिहिलेली सगळी रसायनं ती एकेक करून मोठ्यानं वाचत होती.

तिला नदीचा नाद होता. वसंतात आमच्या नदीवरचा बर्फ फुटतो तेव्हा अख्खं गाव पुलापाशी उभं असतं. पण ओडिल आठवडाभर आधीपासून जायची, कुठं भेग पडली, कुठं पाणी वर आलं ते बघायची. बर्फ कसा अडतो आणि पाणी मागं कसं तुंबतं, हे तिला शिकायचं होतं. त्यासाठी भूगर्भशास्त्र घ्यायचं, हे तिनं केव्हाच ठरवलं होतं. कुठं घ्यायचं, ह्यावरून घर पेटलं.

दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक सरकारी विद्यापीठ, हजारो मुलांचं. दुसरं ऑर्नवेल. दक्षिणेकडं, डोंगराच्या पायथ्याशी असलेलं एक छोटं खासगी विद्यापीठ. आमच्या गावातल्या शाळेपेक्षा थोडं मोठं म्हणा ना. ऑर्नवेल मार्लेननं शोधलं होतं. वर्गात दहा-बारा मुलं, सगळे वसतिगृहात राहणार, कुठंही पायी जाता येतं. ओडिलला गाडी चालवायची परवानगी नव्हती, तेव्हा ही गोष्ट लहान नव्हती. पण मार्लेनच्या डोक्यात वेगळंच होतं, आणि ते ती बोलून दाखवायची.

"सकाळी वर्गात आली नाही तर तासाभरात कुणीतरी तिची खोली उघडेल. त्या दुसऱ्या ठिकाणी तीन दिवस पडून राहिली तरी कुणाला कळणार नाही."

"मला तेच हवंय," ओडिल म्हणाली.

"काय हवंय? तीन दिवस पडून राहायला?"

"कुणाला न कळायला!"

रेनाल्ड लाकडं वाहायचा ट्रक चालवतो आणि घरात शक्यतो बोलत नाही. तो उठून ट्रक बघायला गेला. ट्रकला काही झालेलं नव्हतं.

शेवटी मीच मधे पडले. म्हटलं, जाऊन बघा तरी. ऑर्नवेलला तशी सोय होती. ज्यांना प्रवेश मिळालाय त्यांनी यायचं, एक रात्र वसतिगृहात तिथल्या मुलीबरोबर राहायचं, दुसऱ्या दिवशी एखाद्या वर्गात बसायचं. आईबाप गावातल्या मोटेलात. ओडिल तयार झाली, पण एका अटीवर.

"माझ्या फिट्सबद्दल तिथं कुणालाही सांगायचं नाही. एकालाही नाही. मला एकदा तरी नुसतं ओडिल म्हणून कुठंतरी जायचंय."

मार्लेननं हो म्हटलं. माझ्यासमोर म्हटलं.

एप्रिलात निघालो. गाडी मी चालवत होते. बर्फ वितळून रस्ते उखडलेले, आणि प्रत्येक खड्ड्याला मार्लेनची मान मागं वळायची, पोरगी ठीक आहे ना बघायला. ओडिल कानात गाणी घालून खिडकीबाहेर बघत होती. दर थोड्या वेळानं ती आईकडं न बघताच अंगठा वर करून दाखवायची.

ऑर्नवेल दुरून फार देखणं दिसलं. टेकडीवर विटांच्या इमारती, पांढरा मनोरा. जवळ गेल्यावर खिडक्यांचा रंग सुटलेला दिसला. आणि एक मोठी तीन मजली इमारत होती, तिच्या खालच्या खिडक्यांना फळ्या मारलेल्या.

"ती का बंद आहे?" मार्लेननं लगेच विचारलं.

"आई, आपण अजून गाडीतून उतरलोसुद्धा नाही."

आम्हाला एका दालनात बसवलं. सात-आठ कुटुंबं होती. व्हिटकम नावाचा प्रवेश विभागाचा माणूस बोलायला उभा राहिला. तरतरीत, गुळगुळीत दाढीचा, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून बोलणारा. "आमच्याकडे विद्यार्थी म्हणजे आकडा नसतो," तो म्हणाला. "इथं पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला तुमचं नाव ठाऊक होतं."

"झालं," ओडिल माझ्या कानात म्हणाली. "आपल्या गावालाच विटा लावल्यात."

प्रश्न विचारा म्हटल्यावर एका बापानं जेवणाबद्दल विचारलं, एका आईनं वाहनतळाबद्दल. मग मार्लेन उभी राहिली. ती इंग्रजी आमच्या फ्रेंच वळणानं बोलते आणि अनोळखी लोकांत ते वळण वाढतं.

"चार वर्षांनी हे असेल ना?"

"म्हणजे कसं, मॅडम?"

"हे. विद्यापीठ. माझी मुलगी शिकून बाहेर पडेपर्यंत असेल ना? आजूबाजूला अशी बंद पडतायत, बातम्यांत येतं."

सगळ्या आईबापांच्या माना व्हिटकमकडं वळल्या. तो प्रश्न सगळ्यांच्याच पोटात होता. व्हिटकम हसला. "ऑर्नवेलनं दोन महायुद्धं पाहिली आहेत..."

"युद्धांचं नाही विचारलं मी. त्या फळ्या मारलेल्या इमारतीचं विचारते आहे."

ओडिल खुर्चीत खाली खाली घसरत होती. व्हिटकम काहीतरी नवीन योजनांबद्दल बोलू लागला, तेवढ्यात मागून एक बाई बोलली. साठी उलटलेली, पायांत चिखलाचे बूट. तिथल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापक, इंगर्सोल.

"मुलं कमी झालीत म्हणून ती बंद आहे," त्या म्हणाल्या. "चार वर्षांचं म्हणाल तर मला माहीत नाही. ह्यांनाही माहीत नाही. माहीत आहे असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

व्हिटकमचा चेहरा बघण्यासारखा झाला. ओडिल मात्र खुर्चीत सरळ बसली. तिनं हात वर केला. "भूगर्भशास्त्राला किती जण शिकवतात?"

"दोघं. त्यातला एक पुढच्या वर्षी निवृत्त होतोय." इंगर्सोलबाई थांबल्या. "ती मीच."

लोक हसले, ओडिलही हसली. मार्लेन हसली नाही. ती माझा हात धरून खाली बसली. जागा लहान हवी म्हणून ती इथवर आली होती. आता तोच लहानपणा तिला खायला उठला होता.

दुपारी टॅम्सिन नावाची एक उंच, लाल केसांची मुलगी ओडिलला न्यायला आली. रात्री ओडिल तिच्याच खोलीत राहणार होती. दोघी पिशवी घेऊन हिरवळीवरून गेल्या. मार्लेन त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "मी जरा बाथरूमला जाऊन येते." बराच वेळ आली नाही. आली तेव्हा माझ्याकडं बघेना. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही कोण जाणे. बहुतेक मला कळलंच होतं.

जेवणं तिथं लवकर होतात. अजून उजेड होता आणि आम्ही मोटेलच्या खोलीत घरून आणलेलं सँडविच खात होतो, तेव्हा दार वाजलं. ओडिल चालत आली होती. अंगात कोटही नव्हता.

"किती जणांना सांगितलंस?"

मार्लेन उठून उभी राहिली. "एकीलाच. त्या वसतिगृहाच्या बाईंना. फक्त त्यांना, आणि कुणाला सांगू नका म्हणाले."

"मग सूप वाढणारा माणूस मला 'तू बस बाळ, मी आणून देतो' का म्हणाला? टॅम्सिनच्या खोलीत माझी गादी पलंगावरून खाली जमिनीवर कशी आली? मी बाथरूमला गेले तर एक मुलगी माझ्यामागं आली, आणि बाहेर उभी राहून मला विचारते, 'बोलत राहशील का?'" तिचा आवाज तिथं फुटला. "ते सुद्धा सांगितलंस तू!"

"ओडिल..."

"एक दिवस. एकच दिवस मागितला होता मी तुझ्याकडं."

"आणि त्या दिवसातच आली असती तर? कुणाला काय करायचं ते माहीत नसतं तर? जिभेवर चमचा घातला असता कुणी, हातपाय दाबून धरले असते. मी इथं, तू तिथं. मी काय करणार होते?"

"काहीच नाही! काहीच करणार नव्हतीस! तेच तर शिकायचंय तुला!" ओडिलनं डोळे पुसले. "इथं यायचं नाही मला. संपलं."

मार्लेन पलंगाच्या कडेवर बसली. माझ्याकडं बघून म्हणाली, "जिनेट, कोट दे तिला. बाहेर गार आहे."

मी ओडिलला परत सोडायला चालत निघाले. पिशवी तिथंच होती आणि टॅम्सिन वाट बघत असणार, म्हणून ती परत जात होती, एवढंच. वाटेत मी तिला म्हटलं, "त्या मोठ्या ठिकाणी पडलीस तर?"

"तर पडेन. अनोळखी माणसं ॲम्ब्युलन्स बोलावतील आणि आपापल्या घरी जातील."

"आणि ते बरं?"

ती चालत राहिली. चढ आला तेव्हा म्हणाली, "माहीत नाही. मावशी, मलाही भीती वाटते. आईला वाटतं तिला एकटीलाच वाटते. ती इतकी घाबरलेली असते की मला घाबरायला जागाच उरत नाही."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो तसाच राहू दिला.

मोटेलात परत आले तर मार्लेन तशीच बसलेली, सँडविच अर्धं. त्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. सकाळी तिनं कपडे सुद्धा बदलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी इंगर्सोलबाईंचा वर्ग नदीवर होता. गावाखालून एक लहान नदी वाहते. तिच्यातला बर्फ नुकताच गेलेला. पाण्याचा वेग मोजायला मुलं काठावर उतरणार होती आणि ओडिल त्यांच्याबरोबर जाणार होती. जायचं नाही असं ठरवलेल्या मुलीला नदी मात्र सोडवली नाही. मार्लेन आणि मी पुलाजवळच्या उपाहारगृहात कॉफी घेऊन बसलो. मार्लेन कप दोन्ही हातांनी धरून होती, पीत नव्हती.

फोन वाजला. इंगर्सोलबाईंचा. मार्लेननं ऐकलं, "हो" म्हणाली, आणि टेबलावरून उठताना कप पाडला.

आम्ही धावतच पुलावर गेलो. पुलावरून खालचा काठ दिसत होता. शाळेची एक बस पुलावर थांबली होती आणि खिडक्यांना लहान पोरांची तोंडं चिकटली होती. दोन-तीन माणसं कठड्यावर वाकून बघत होती. खाली दगडांवर मुलांचं कोंडाळं होतं. आठ-दहा असतील. आणि सगळ्यांनी तोंडं बाहेर केली होती. कुणी नदीकडं, कुणी पुलाकडं, कुणी झाडीकडं. कोट उघडे धरून, खांद्याला खांदा लावून. मधे काय आहे ते दिसत नव्हतं.

"कुणी बघतसुद्धा नाहीये तिच्याकडं!" मार्लेन किंचाळली. "पाठ फिरवून उभे आहेत! जिनेट, ते पाठ फिरवून उभे आहेत!"

ती काठावरून घसरत उतरली, गुडघा फुटला, तशीच उठली. मी मागोमाग. आम्ही कोंडाळ्यापर्यंत पोचलो तेव्हा एका दाढीवाल्या पोरानं तिला अडवलं. "मॅडम, प्लीज, जरा लांब..."

"मी तिची आई आहे!"

तो बाजूला झाला. मधे ओडिल कुशीवर झोपलेली होती, डोक्याखाली कुणाचं तरी जाकीट घडी करून ठेवलेलं. झटके थांबले होते, श्वास घोरल्यासारखा येत होता. टॅम्सिन तिच्या पाठीशी मांडी घालून बसली होती. एक हात ओडिलच्या खांद्यावर, डोळे घड्याळावर. तिचा स्वतःचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता, पण हात हलत नव्हता.

"थांबून थोडा वेळ झाला," ती हळूच म्हणाली. "पाच मिनिटांच्या वर गेलं असतं तर ॲम्ब्युलन्स बोलवायची होती. नाही गेलं."

"हे असं उभं राहायला कुणी सांगितलं?" मार्लेननं विचारलं.

"तिनंच. काल जेवणानंतर. खूप रडली, मग म्हणाली, आता तुम्हाला माहीतच झालंय तर नीट तरी ऐका. कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, घड्याळ लावा. आणि माझ्याभोवती जमून बघत राहू नका." टॅम्सिननं कोंडाळ्याकडं मान वळवली. "वर बस थांबली आणि पोरं बघायला लागली. म्हणून मग..."

इंगर्सोलबाई जरा बाजूला दगडावर उभ्या होत्या आणि पुलावरच्या माणसांना मोठ्यानं ओरडून सांगत होत्या की इथं बघण्यासारखं काही नाही, आपापल्या कामाला जा.

मी मार्लेनकडं बघितलं. इतक्या वर्षांत ओडिलला आलेल्या प्रत्येक फिटला, घरातल्या असो नाहीतर बाहेरच्या, मार्लेन पोचली की पहिल्यांदा तिच्यावर वाकायची, गाल थोपटायची, नाव घेत राहायची. आताही तिचे गुडघे वाकले. आणि मधेच थांबले. ती सरळ झाली. मग तिनं अंगातला कोट काढला, त्या दाढीवाल्या पोराच्या शेजारी जाऊन उभी राहिली, कोट पसरून धरला आणि मुलीकडं पाठ केली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि नाक पुसायला हात मोकळे नव्हते.

मी तिच्या शेजारी जागा केली.

परत जाताना ओडिल मागच्या सीटवर झोपूनच होती. अर्धा रस्ता सरल्यावर जागी झाली. डोकं दुखत होतं तिचं.

मार्लेन समोर रस्त्याकडं बघत म्हणाली, "मी सांगायला नको होतं."

"नको होतं," ओडिल म्हणाली.

"पण सांगितलं नसतं तर..."

"आई."

"बरं."

मी गाडी चालवत राहिले. मग मागून आवाज आला. "डोळे उघडले तर वर आभाळ होतं. चेहरेच नव्हते. मला आधी वाटलं, सगळे निघून गेले. मग बूट दिसले. सगळीकडं बूट, टाचा माझ्याकडं केलेले."

"म्हणजे जाणार तू तिथं?"

"मी तसं म्हणाले का?"

ती तसं पुढचे दोन आठवडे म्हणाली नाही. आता उलटंच सुरू झालं. ओडिल ऑर्नवेलकडं झुकायला लागली तशी मार्लेन मागं सरकायला लागली. इंगर्सोलबाई जाणार, मग शिकवणार कोण? विद्यापीठ बंद पडलं तर पोरगी अर्ध्यात लोंबकळणार. ती माझ्या दुकानात येऊन खुर्चीत बसायची, केस कापायचे नसताना. "मीच शोधलं ते, जिनेट. मीच तिला ढकललं. आणि आता मलाच झोप नाही." मी म्हटलं, तुला झोप नाही हे काही नवीन नाही. ती हसली नाही.

ओडिलनं इंगर्सोलबाईंना फोन करून सरळ विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? बाईंनी सांगितलं, "मी तुझ्या जागी नाही. पण ये म्हणण्याआधी एक ऐक. इथं काही बिघडलं तर तू दुसरीकडं जाऊ शकशील असेच विषय घे. कुठलंही विद्यापीठ मानेल असे." त्या उत्तरानं मार्लेनचं समाधान झालं नाही, पण ओडिलचं झालं. कळवायच्या शेवटच्या दिवशी तिनं ऑर्नवेलला हो कळवलं. रेनाल्ड त्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाला, "नदी जवळ आहे ना? मग झालं."

दोन वर्षं ती तिथं राहिली. ती आनंदातच गेली असं मी म्हणणार नाही. पहिल्या हिवाळ्यात तिला एकटं वाटायचं, आणि तीच ती माणसं रोज बघून कंटाळाही यायचा. एका मुलाशी जुळलं आणि मोडलं, आणि मोडल्याची बातमी सूप वाढणाऱ्या माणसालासुद्धा होती. चार वेळा पडली. टॅम्सिन दरवेळी मार्लेनला फोन करायची, पण ओडिल उठून बसल्यावर, आधी नाही. तशी ओडिल आणि टॅम्सिनची बोली होती, आणि मार्लेन ती पाळायला शिकली. फोन हातात घेऊन ती स्वयंपाकघरात येरझारा घालायची, पण करायची नाही.

आणि मग, दुसऱ्या वर्षाच्या वसंतात, मार्लेनची जुनी भीती खरी झाली. विद्यापीठानं जाहीर केलं की हे शेवटचं सत्र. मुलांनी आपापली सोय बघावी.

ओडिलनं आईला फोन केला तेव्हा मी तिथं होते. मार्लेननं फोन कानाला लावला, पोरीचं रडणं ऐकलं. मी मनात म्हटलं, आता म्हणेल. मी म्हटलं होतं ना, असं म्हणेल. मार्लेननं डोळे मिटले. "जेवलीस का?" तिनं विचारलं. "नाही? मग आधी जेव. मग टॅम्सिनला घेऊन फोन कर. आम्ही येतो सामान न्यायला. सगळे येतो."

सगळे गेलो. रेनाल्ड ट्रक घेऊन आला होता. फळ्या आता दुसऱ्याही इमारतीला लागल्या होत्या. मुलं हिरवळीवर एकमेकांना धरून रडत होती, आणि निवृत्त झालेल्या इंगर्सोलबाई बूट घालून आल्या होत्या, दगडांच्या नमुन्यांच्या पेट्या कुणी कचऱ्यात टाकू नये म्हणून. त्यातल्या काही पेट्या रेनाल्डच्या ट्रकमधून कुठल्याशा शाळेत गेल्या.

ओडिलला त्या मोठ्या सरकारी विद्यापीठानं घेतलं. तिचे बहुतेक विषय त्यांनी मानले, सगळे नाही. एक सत्र जादा लागलं. ऑगस्टच्या शेवटी मार्लेन आणि मी तिला सोडायला गेलो. लांबच लांब वसतिगृह, एकसारखी दारं, कुणी कुणाकडं बघत नव्हतं. तिला कधी काळी हवं होतं तसंच अगदी. मार्लेनच्या हातातली पेटी मी काढून घेतली.

संध्याकाळी त्या मजल्यावरच्या मुलींना बैठकीच्या खोलीत बोलावलं होतं. प्रत्येकीनं नाव सांगायचं, गाव सांगायचं. आम्ही निघायचं म्हणून बोळात उभ्या होतो आणि दार उघडं होतं. ओडिलची पाळी आली.

"मी ओडिल डेगल," ती म्हणाली. "माझं गाव इतकं वर आहे की तिथून पुढं कॅनडाच. मला आकडी येते. कधी येईल ते सांगता येत नाही. आली तर काय करायचं ते दोन मिनिटांत सांगते, मग मला पुन्हा विचारू नका."

तिनं सांगितलं. मार्लेननं माझं मनगट धरलं होतं. मग एका मुलीनं, दिसली नाही मला, विचारलं, "आणि जागी झाल्यावर? तेव्हा तुला काय लागतं?"

हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

"थंड पाणी," ती विचार करत म्हणाली. "अगदी थंड. आणि किती वाजलेत ते कुणीतरी सांगावं."

मार्लेन बोळातल्या भिंतीला टेकली.

"थंड पाणी," ती माझ्या कानाशी कुजबुजली. "जिनेट, मी तिला इतकी वर्षं कोमट दूध देतेय."